अवर्षणप्रवण प्रदेशातील जलविहार आणि वनभोजन : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा प्रदेश आहे. पश्चिमेकडील अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर जिल्ह्याच्या बहुतांश भागाला वर्षाकाठी साधारणतः पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस मिळतो आणि तोही बेभरवशाचा असतो. भूगोलाच्या काटेकोर व्याख्येत हा प्रदेश वाळवंट ठरत नाही. तथापि, मे महिन्यात पाथर्डी, कर्जत अथवा जामखेडच्या माळरानावर उभे राहिलेल्या माणसाला ही व्याख्या फारशी उपयोगी पडत नाही. अशा भूमीत घराबाहेर पडून दिवसभर मोकळ्या हवेत राहणे, पाण्यात डुंबणे आणि तेथेच जेवण करून संध्याकाळी परतणे, ही गोष्ट वरवर पाहता अगदी सामान्य करमणूक वाटते. परंतु ज्या प्रदेशात पाणी आणावे लागते, साठवावे लागते आणि राखावे लागते, तेथे पाण्याकाठी बसण्याचा अधिकार कोणाला होता, हा प्रश्न करमणुकीपुरता मर्यादित राहत नाही. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या अनुषंगाने निजामशाहीतील जलमहाल, ब्रिटिश काळातील सहलीची ठिकाणे आणि ग्रामीण भागातील विहीर व हुरडा यांचा विचार केला आहे.

निजामशाहीतील बागा आणि पाणी

अहमदनगर शहराच्या इतिहासाची सुरुवातच मुळी एका बागेपासून होते. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला. या विजयाच्या जागी त्याने ‘बाग निजाम’ उभी केली. पुढे १४९४ मध्ये सीना नदीच्या काठी शहराची स्थापना झाली आणि बागेच्या जागी भुईकोट किल्ला आकारास आला. रणभूमीवर विजयस्तंभ उभारण्याऐवजी बाग लावणाऱ्या राज्यकर्त्याची दृष्टी समजून घेण्यासाठी त्या दरबारावरील इराणी संस्कारांकडे पाहावे लागते. इराणच्या कोरड्या पठारावर चारी बाजूंनी भिंतींनी वेढलेली, मध्यभागी पाणी असलेली बाग हे राजवैभवाचे आणि त्याचबरोबर स्वर्गाचेही प्रतीक मानले जात असे. शहराच्या उत्तरेस असलेल्या ‘हश्त बिहिश्त’ बागेचे नावच ‘आठ स्वर्ग’ असे आहे. या बागेतील अष्टकोनी तलावाच्या मध्यभागी असलेल्या अष्टकोनी वास्तूचे अवशेष ही कल्पना दगडचुन्यात कशी उतरविली गेली, हे दाखवितात.

कल्पना इराणी असली तरी पाणी मात्र नगरच्याच मातीतून मिळवावे लागले. त्यासाठी टेकड्यांच्या पायथ्याशी भूजल अडवून ते भाजक्या मातीच्या खापरी नळांतून उताराने शहरात आणण्याची व्यवस्था करण्यात आली. कापूरवाडी, भिंगार, शेंडी, वडगाव, शहापूर इत्यादी गावांच्या परिसरातून असे नळ आलेले होते. नळांच्या मार्गावर ठिकठिकाणी हवा खेळती राहण्यासाठी व गाळ काढण्यासाठी उच्छ्वास बांधलेले असत. जमिनीखालून पाणी नेल्यामुळे उन्हाने होणारा व्यय टळतो, हे तत्त्व इराणच्या कनातींचेच आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने इराणमधील कनातींचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. नगरचे उच्छ्वास मात्र अनेक ठिकाणी कचऱ्याने बुजले आहेत.

या जलव्यवस्थेचे सर्वांत भव्य फलित म्हणजे शहराच्या आग्नेयेस असलेला फराहबाग महाल होय. विस्तीर्ण चौरस तलावाच्या मध्यभागी चौथऱ्यावर उभा असलेला हा दुमजली महाल मुर्तझा निजामशहा पहिला (कारकीर्द १५६५ ते १५८८) याच्या काळात पूर्ण झाला. पहिली वास्तू सुलतानाच्या पसंतीस न उतरल्याने ती पाडून नव्याने बांधण्यात आली आणि सलाबतखानाच्या देखरेखीखाली १५८३ मध्ये हे काम तडीस गेले. चारी बाजूंच्या उंच कमानींतून तलावावरून येणारा वारा आत खेळावा आणि मधल्या उंच दालनात उन्हाळ्यातही गारवा टिकावा, अशी त्याची रचना आहे. डॉ. पुष्कर सोहोनी यांनी निजामशाही वास्तुकलेवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात (२०१८) या वास्तूंचा दरबारी जीवनाशी असलेला संबंध तपशिलाने तपासला आहे. या महालात तटबंदी नाही की संरक्षणाची विशेष सोय नाही. शहरातून निघावे, दिवस पाण्याच्या सान्निध्यात घालवावा आणि परतावे, हाच तिचा हेतू दिसतो.

तथापि, ज्या सुलतानासाठी हा महाल उभा राहिला, तो आपल्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात राज्यकारभारातून अंग काढून एकांतवासात राहू लागला होता. लोक त्याला ‘दिवाणा’ म्हणत. त्याचा अंतही पाण्याशीच निगडित आहे. १५८८ मध्ये त्याचा मुलगा मिरान हुसेन याने त्याला हमामखान्यात कोंडले, दारे-खिडक्या बंद केल्या आणि खालून आग पेटवून त्याला गुदमरवून मारले. हा वृत्तांत देणारा इतिहासकार फरिश्ता त्या वेळी सुलतानाच्या पहाऱ्यावर होता. मिरान हुसेनचा बालपणीचा सहाध्यायी असल्यामुळे त्याचे प्राण वाचले. पुढील वर्षी तो विजापूरला गेला. निजामशाहीतील जलविहाराबद्दल लिहिताना केवळ कारंजी आणि कमानी यांचेच वर्णन करून थांबणाऱ्या लेखकांनी हा प्रसंगही ध्यानात ठेवावयास हवा.

नगर तालुक्यातील डोंगरगणजवळचा मांजरसुंबा गड हा याच परंपरेतील आणखी एक टप्पा आहे. (बीड जिल्ह्यातील याच नावाच्या प्रसिद्ध घाटाशी त्याची गल्लत होऊ नये.) या गडाच्या माथ्यावर महाल व हौद यांबरोबरच खालचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढविण्याच्या व्यवस्थेचे अवशेष आहेत. सपाटीवर उताराने पाणी आणणे ही एक गोष्ट आणि ते डोंगरावर चढविणे ही दुसरी. यासाठी लागलेले मनुष्यबळ व जनावरे यांची नोंद कोणत्याही तवारिखेत ठळकपणे येत नाही. हौद मोजता येतो, पण त्यात पाणी चढविणाऱ्यांची संख्या मोजता येत नाही, ही या विषयाच्या साधनांची मोठी उणीव आहे.

सलाबतखानाच्याच नावाशी जोडला गेलेला भातोडीचा तलाव मात्र केवळ विलासासाठी नव्हता. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मलिक अंबरने हा तलाव फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला आणि मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत कामी आले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी हा तलाव सिंचनासाठी दुरुस्त केला.

छावणी आणि ‘हॅपी व्हॅली’

१२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला जिंकला आणि १८१८ नंतर हा मुलूख कंपनी सरकारच्या प्रत्यक्ष अंमलाखाली आला. भिंगारच्या परिसरात लष्करी छावणी वसली. निजामशाहीच्या वास्तूंकडे पाहण्याची नव्या राज्यकर्त्यांची दृष्टी प्रामुख्याने उपयुक्ततेची होती. फराहबागेच्या आवारात रेशीम उत्पादनासाठी तुतीची लागवड करून पाहण्यात आली, पण ती टिकली नाही. शहराच्या पूर्वेकडील डोंगरावरची सलाबतखानाची तिमजली अष्टकोनी कबर (जिला लोक आजही ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात) समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर असल्याने गोऱ्या सैनिकांचे आरोग्यस्थान म्हणून वापरली गेली. मृतासाठी बांधलेल्या वास्तूत आजाऱ्यांनी हवापालटासाठी राहावे, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

डोंगरगणच्या दरीला मिळालेले ‘हॅपी व्हॅली’ हे नाव याच काळातील आहे. शहरापासून एका दिवसात जाऊन येता येईल असे अंतर, दरीतील झाडी, महादेवाचे मंदिर, कुंड आणि पावसाळ्यात कोसळणारा धबधबा यांमुळे ही जागा छावणीतील साहेबलोकांच्या सहलीचे आवडते ठिकाण बनली. येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. साहेबांनी ही दरी ‘शोधली’ नव्हती. श्रावणात महादेवाच्या दर्शनाला यायचे, कुंडात स्नान करायचे आणि बरोबर आणलेली शिदोरी झाडाखाली सोडायची, ही रीत ग्रामस्थांमध्ये होतीच. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवण करण्याची आवळीभोजनाची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आढळते, तर वारकरी परंपरेतील गोपाळकाला हा सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून खाण्याचाच उत्सव आहे. सहलीला धर्माचे निमित्त असो वा नसो, भाकरी, चटणी, कांदा आणि दही-दशम्या यांची गाठोडी तीच होती. बदलले ते फक्त जागेचे नाव, आणि शासनाच्या कागदपत्रांत तेच रूढ झाले.

१९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू व काँग्रेस कार्यकारिणीचे अन्य सदस्य नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते. नेहरूंनी तेथील कठीण, खडकाळ जमीन खणून फुलझाडे लावली आणि खणताना जुन्या भिंतींचे अवशेष सापडल्याचे आपल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथात नमूद केले आहे. बाग निजामच्या भूमीवर साडेचार शतकांनंतर पुन्हा बाग फुलली, ती एका कैद्याच्या हातून.

विहीर, हुरडा आणि गावगाडा

राजवाडे आणि छावणी यांच्या बाहेर, खेड्यात जलविहाराची जागा म्हणजे विहीर. उन्हाळ्याच्या सुटीत पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे लाकूड किंवा पत्र्याचा डबा बांधून मुले पोहायला शिकत. एकदा भीती गेली की काठावरून सूर मारणे, मुटका मारून पाणी उडविणे यांत दुपार सरत असे. मोट चालू असेल तर थारोळ्यात अंग टाकण्याचे सुख निराळेच. या शिक्षणाला शुल्क नव्हते, परंतु ते सर्वांना खुलेही नव्हते. मुली विहिरीवर येत त्या पाणी शेंदण्यासाठी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांना तर सवर्णांच्या विहिरीच्या काठाशी उभे राहण्याचीही मुभा नव्हती. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला आणि मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून तो हक्क बजावला. या पार्श्वभूमीवर ‘आमच्या लहानपणी सगळे गाव विहिरीत पोहायचे’ या प्रकारच्या स्मरणरंजनातील ‘सगळे’ हा शब्द तपासून घ्यावा लागतो.

पाण्याची सहल जशी उन्हाळ्यातील, तशी हुरड्याची सहल हिवाळ्यातील. रब्बीची ज्वारी दुधाळ अवस्था ओलांडून चिकात भरली, की पौष-माघाच्या सुमारास शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटविली जाते. निखाऱ्यात भाजलेली कणसे गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे केले जातात. त्यासाठी गूळभेंडीसारखे गोड व कवळ्या दाण्याचे वाण मुद्दाम बांधाकडेला पेरले जात. सोबतीला शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, गूळ, दही, बोरे, ऊस आणि हरभऱ्याचा हावळा. दुपारी वांग्याचे भरीत, ठेचा आणि भाकरी. या खाण्याला ताट लागत नाही आणि ते घरी आणूनही चालत नाही. आगटीपासून उठले की हुरड्याची चव गेलीच. हे अन्न मुळात शेताच्या राखणीला बसलेल्या माणसाचे आहे, ही गोष्ट आज विसरली जाते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांच्या हक्कांचे जे तपशील येतात, त्यांवरून शेतातील पिकावर मालकाव्यतिरिक्त किती जणांचा हक्क मानला जाई, हे कळते. हुरड्याचे निमंत्रण हे केवळ आतिथ्य नव्हते. त्याला गावातील देण्या-घेण्याची एक चौकट होती, आणि त्या चौकटीत आगटीपासून कोणी किती अंतरावर बसायचे, हेही ठरलेले होते.

१९७२ च्या दुष्काळानंतर ही दोन्ही दृश्ये पालटली. मोटेची जागा इंजिनाने व विजेच्या पंपाने घेतली, विंधन विहिरींची संख्या वाढत गेली आणि भूजलाची पातळी खोल गेली. ज्या विहिरीत एप्रिलमध्येही पोहता येई, ती जानेवारीतच तळ दाखवू लागली. ज्वारीचे क्षेत्र ऊस, कांदा व सोयाबीन यांनी व्यापले. दुसरीकडे पुणे-मुंबईच्या नागरिकांसाठी हुरडा ही विकत घेण्याची वस्तू झाली. २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. आता एका ठरावीक शुल्कात बैलगाडीची फेरी, पतंग, विटीदांडू, जलतरण तलाव आणि हुरडा असा दिवसभराचा कार्यक्रम मिळतो. शुल्क भरणाऱ्याची जात येथे कोणी विचारत नाही, ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. शेतकऱ्याला पिकाच्या बाजारभावाखेरीज चार पैसे मिळतात, हेही खरे. मात्र ज्या शिवारात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथे जलतरण तलाव कोणत्या पाण्याने भरायचा, या प्रश्नाचे उत्तर धोरणापेक्षा ग्रामसभेकडे मागणे अधिक योग्य ठरेल.

याचे उदाहरण याच नगर तालुक्यात आहे. १९८९-९० पासून हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनी श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाची कामे केली, सिंचनासाठी विंधन विहिरींना बंदी घातली आणि पावसाच्या प्रमाणानुसार पिके ठरविण्याची पद्धत स्वीकारली. आज तेथे देशभरातून अभ्याससहली येतात. पाहुण्यांना ग्रामसभेची जागा, समतल चर आणि विहिरी दाखविल्या जातात. याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, लष्करी हद्दीलगत, फराहबागेच्या महालाभोवतीचा तलाव कोरडा असून त्याच्या तळाशी गवत वाढलेले आहे.