फटफटीची उंची

भोपाळ हे सपाटीवर वसलेले शहर नव्हे. मोठ्या तलावाच्या काठापासून श्यामला, ईदगाह आणि अरेरा या टेकड्यांच्या अंगाखांद्यांवर ते पसरले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ही नगरी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. तोवर राजधानी असलेल्या नागपुरातून सरकारी दप्तरांबरोबर अनेक मराठी कुटुंबेही येथे आली. तात्या टोपे यांच्या नावाने नवे नगर वसले, हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहिला आणि घर व कचेरी यांतील अंतर वाढले. चढउताराच्या रस्त्यांवर सायकल दमवू लागली. भारतात मोटारसायकली तयार होऊ लागल्या त्याही याच सुमारास.

त्या पिढीच्या ज्या गाड्या आज जतन केलेल्या आढळतात, त्यांच्या बाबतीत एक हौस अधूनमधून डोके वर काढते. ती म्हणजे गाडी खाली बसविण्याची. मागचे शॉकॲब्सॉर्बर काढून आखूड बसवावेत, पुढच्या फोर्कमधील स्प्रिंग कापावी, की गाडी जमिनीलगत व ऐटदार दिसू लागते. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु फटफटीला तिची उंची कशी प्राप्त झाली, हे एकदा जाणून घेतले म्हणजे या हौसेची किंमत ध्यानात येते.

गॉटलिब डाइम्लर याने १८८५ साली जर्मनीत इंजिनावर चालणारी दुचाकी सिद्ध केली. तिचा सांगाडा लाकडी, चाकांना लोखंडी धावा आणि धक्के झेलणारी योजना अशी काहीच नव्हती. १८८८ साली डनलॉपने हवेचे टायर शोधून काढले आणि रस्त्याचा पहिला तडाखा रबरावर गेला. पुढे पुढच्या चाकाला स्प्रिंगेचा फोर्क मिळाला. मागचे चाक मात्र अनेक वर्षे सांगाड्याला घट्ट जखडलेलेच राहिले. स्वाराच्या वाट्याला आल्या त्या बैठकीखालच्या दोन स्प्रिंगा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेली बी. एस. ए. एम-२० ही गाडी याच बांधणीची होती. अशा गाड्या ठेंगण्या दिसत, याचे कारण उघड आहे. मागचे चाक वरखाली होत नसल्याने त्याच्यासाठी जागा राखावी लागत नसे. त्या ठेंगणेपणाची किंमत स्वाराचा कणा मोजीत असे.

हे चित्र हळूहळू पालटले. १९३५ साली बी. एम. डब्ल्यू. कंपनीने तेलाने दाबल्या जाणाऱ्या नळ्यांचा फोर्क विक्रीच्या गाड्यांना बसविला. १९४१ मध्ये मॅचलेसने तशाच जातीचा फोर्क सैन्याच्या गाडीला दिला. १९४९ च्या रॉयल एन्फिल्ड बुलेटमध्ये मागचे चाक एका टोकाशी खिळलेल्या चिमट्यात बसवून दोन शॉकॲब्सॉर्बरांवर टेकविले होते. खड्डा आला की चाक वर उचलले जाई आणि स्वार जागच्या जागी राही. मात्र चाकाला वर येण्यासाठी मोकळी जागा हवी. म्हणून मडगार्ड वर गेले आणि त्याबरोबर बैठकही वर गेली. सारांश, फटफटीची उंची म्हणजे चाकाच्या हालचालीसाठी राखून ठेवलेली जागा होय.

भारतीय रस्त्यांना ही योजना मानवली. सैन्याने सीमेवरील गस्तीसाठी बुलेटची निवड केली आणि १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीने एन्फिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. १९६१ मध्ये म्हैसूर येथे चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाडीचे उत्पादन सुरू झाले. पोलंडच्या गाडीवरून घडविलेली एस्कॉर्ट्सची राजदूत त्याच दशकात आली. या तिन्ही गाड्यांची मागची चाके झुलत्या चिमट्यांवर होती. खडी उखडलेले रस्ते आणि पावसाने पडलेले खड्डे यांतून त्या वर्षानुवर्षे धावल्या, याचे बरेचसे श्रेय त्या राखीव जागेला आहे.

खाली बसविण्याची चाल प्रामुख्याने अमेरिकेतून आली. महायुद्धानंतर तेथील तरुणांनी मडगार्ड कापून, अनावश्यक भाग काढून गाड्या हलक्या केल्या. पुढे १९७७ साली हार्ले-डेव्हिडसनने ‘लो रायडर’ हे नाव देऊन मुद्दाम ठेंगणी गाडीच बाजारात आणली. परंतु ती गाडी कारखान्यातच त्या उंचीसाठी आखली गेली होती. जुन्या बुलेटचे तसे नाही.

केवळ मागची बाजू खाली केली तर पुढचा फोर्क अधिक तिरपा होतो आणि हँडल जड, आळशी बनते. केवळ पुढची बाजू खाली केली तर उलट घडते. हँडल हलके होते आणि वेगात गाडी डुलू शकते. कापलेली स्प्रिंग मऊ न होता अधिक कडक होते. चाकाला वर येण्यास जागा उरत नाही आणि मोठा खड्डा आला की धक्का थेट सांगाड्यावर बसतो. वळणावर पायटा किंवा सायलेन्सर जमिनीला घासतो. चिमट्याचा कोन बदलल्याने साखळीचा ताण नव्याने पाहावा लागतो. बाजूचा स्टँड मूळ लांबीचाच राहतो. त्यामुळे गाडी पुरेशी कलत नाही आणि भोपाळसारख्या गावी उतारावर उभी केल्यास विरुद्ध बाजूला आडवी होण्याची भीती असते.

एक गरज मात्र खरी आहे. बुटक्या माणसाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. थांबताना तोल सांभाळणे ही सुरक्षिततेचीच बाब आहे. त्यावर साधा उपाय बैठकीतच सापडतो. बैठकीची गादी पातळ आणि पुढच्या बाजूस अरुंद करून घेतली की पाय सरळ खाली येतात. चाकांच्या हालचालीला धक्का लागत नाही आणि मूळ बैठक जपून ठेवल्यास गाडी केव्हाही पूर्ववत करता येते.

याला कायद्याचीही बाजू आहे. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या खाजगी वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. सांगाड्यात वा इंजिनात मोठे फेरफार झाले असल्यास हा मान मिळत नाही. म्हणजे ज्या ऐटीसाठी सांगाड्याला करवत लावावी, तिच्यापायी गाडीची प्रतिष्ठाच गमवावी लागण्याचा संभव आहे.

जुन्या यंत्रात त्या काळच्या कारागिरांचा विचार साठवलेला असतो. बुलेटच्या मागच्या चाकावर मोकळी राहिलेली जागा पाहणाऱ्याला रिकामी वाटते, परंतु डाइम्लरच्या लाकडी सांगाड्यापासून एन्फिल्डच्या झुलत्या चिमट्यापर्यंतच्या चौसष्ट वर्षांच्या खटपटीने ती मिळविली आहे. श्यामला टेकडीच्या उतारावर गाडी खड्ड्यात गेली, की ती जागा कशासाठी राखली होती हे स्वाराला कळते. गाडीवर करवत चालविण्यापूर्वीच ते जाणून घेतलेले बरे.