मुळा-मुठेचा मासा परमुलखात

पोलादाच्या निमित्ताने भिलाईस येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना परमुलखाचे पाणी मानवणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. मासेही परमुलखात जातात. मात्र बहुधा त्यांना माणूस नेतो. 1900 साली स्कॉटलंडहून तपकिरी ट्राउटची अंडी काश्मीरला पोहोचली आणि तेथील थंड ओढ्यांत हा विलायती मासा रुजला. आपल्या महाराष्ट्रातील महसीराचा प्रवास याहून अधिक विचार करावयास लावणारा आहे.

कर्नल साइक्स यांनी 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठेतील या माशाचे शास्त्रीय वर्णन केले आणि मराठी लोकांच्या तोंडचे ‘खुद्री’ हे नावच त्याच्या शास्त्रीय नावात कायम केले. देहूच्या इंद्रायणीत व महाडजवळील वाळण कोंडीत भाविकांनी महसीर श्रद्धेने सांभाळले. पुढे नद्यांवर धरणे झाली आणि अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर जाण्याच्या त्यांच्या वाटा अडल्या. अशा वेळी 1970 च्या दशकात लोणावळ्यास, टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात, सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी खुद्रीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. तेथील पिले अनेक राज्यांत गेली.

त्यांतील काही कावेरीत सोडण्यात आली. हेतू निर्मळ होता. परंतु कावेरीचा स्वतःचा असा कुबडधारी महसीर होता, जो तिच्या खोऱ्याबाहेर कोठेही आढळत नाही. खुद्री वाढत गेला आणि तो मागे पडत गेला, हे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. 2018 साली त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत त्याची नोंद करावी लागली. धरणे, वाळूउपसा व सुरुंग यांचाही त्यात वाटा आहेच.

दुर्गजवळून वाहणारी आपली शिवनाथ महानदीस मिळते, आणि त्या महानदीतील महसीराचे वर्णन डेव्हिड यांनी 1953 साली केलेले आहे. म्हणून नदीत नवे बीज सोडण्याआधी तिचे मूळचे रहिवासी कोण, हे विचारणे अगत्याचे ठरते. जे पाणी आपणांस मानवले, त्याच्याशी परक्या मुलखात आलेल्याने इतकी तरी ओळख ठेवावी.