एक घराचं प्यादं

आमच्या गावात आजोबांच्या पिढीचं बुद्धिबळ देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता, शह बसण्याआधी राजा एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारी. फौजा भिडायलाच तासभर जाई. "घाई कशाला? आधी घर बांधा," आजोबा म्हणायचे. धाराशिवला एका स्पर्धेत समोरच्या पोरानं प्यादं थेट दोन घरं टाकलं अन् डाव लवकरच उरकला. आजोबांनी पुन्हा पट मांडला नाही.

पंजाबच्या खेड्यातला मीर सुलतान खान याच देशी खेळात वाढला. सुरुवात त्याचीही कच्चीच, पण मधला अन् शेवटचा डाव पक्का. 1929, 1932, 1933 ला तो ब्रिटनचा विजेता ठरला. हेस्टिंग्जला कापाब्लांकालाही हरवलं. 2024 मध्ये फिडेनं त्याला मानद ग्रँडमास्टर केलं. तोवर आजोबा राहिले नव्हते.