मेण, कागद आणि ऑक्साइड

डायनाको स्टिरिओ 70 हा अमेरिकी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर 1959 मध्ये बाजारात आला. बरेच जण तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपात घेत आणि घरी बसून सोल्डर करत. त्याच्या चॅसीवर अ‍ॅल्युमिनियमचा एक उभा डबा असतो. त्यात 30, 20, 20 आणि 20 मायक्रोफॅरडचे, 525 व्होल्टचे चार कंडेन्सर कोंबलेले असतात. असा सेट आज दुरुस्तीला आला की पहिला प्रश्न याच डब्याचा येतो: बदलायचा, तर त्याच्या जागी काय बसवायचं? कारागीर आपापला आवडता ब्रँड सांगतात. मला त्याआधी डब्याचं कूळ विचारावंसं वाटतं.

हे कूळ 1896 पर्यंत मागे जातं. अ‍ॅल्युमिनियमवर विजेने चढवलेला ऑक्साइडचा थर बोरॅक्सच्या द्रावणात टिकून राहतो, हे कारोल पोलाक या पोलिश संशोधकाने हेरलं आणि जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. थर दर व्होल्टमागे जेमतेम एक-दीड नॅनोमीटरचा, म्हणूनच थोड्या जागेत भरपूर धारकता मावते. रेडिओ बॅटरीवर चालत होते तोवर त्याची निकड नव्हती. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते घरातल्या विजेवर आले आणि ‘हम’ गिळणारा मोठा कंडेन्सर लागू लागला. सॅम्युएल रूबेन यांनी त्याच दशकात द्रावणाची बाटलीच काढून टाकली आणि दोन पत्र्यांमध्ये ओला कागद गुंडाळला. याला कोरडा म्हणत, पण त्याचा जीव त्या ओलीतच. ती सुकली की धारकता घटते, गळती वाढते.

म्हणून ‘न वापरलेला, जुन्या स्टॉकमधला अस्सल माल’ म्हणून कोणी साठ वर्षांपूर्वीचा असा ऑक्साइडच्या थराचा, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर दाखवला, तर हात जोडावेत. तो पेटीत पडून म्हातारा झालेला असतो. हळूहळू व्होल्टेज चढवून ऑक्साइडचा थर पुन्हा जमवता येतो, पण सुकलेली ओल त्याने परत येत नाही.

नवा घेताना मात्र उलटा मोह होतो. आजचे कंडेन्सर इतके लहान झालेत की 30 च्या जागी 200 मायक्रोफॅरड सहज मावतो. तो मोह टाळा. स्टिरिओ 70 मधला जीझेड 34 हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह पहिल्या कंडेन्सरला फार तर 60 मायक्रोफॅरड सोसतो. त्यापुढे चार्जिंगच्या प्रवाहाचे धक्के त्याला आणि ट्रान्सफॉर्मरला जाचतात. 30 च्या जागी 33 छान. जुन्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये छापील आकड्यापेक्षा धारकता बरीच जास्त निघणं मान्यच असे, त्यामुळे 20 ला 22 बसवताना काळजी नको. व्होल्टेज मात्र मूळच्यापेक्षा कमी कधीच नको, आणि 105 अंशांचाच घ्या: दर दहा अंश उष्णता कमी झाली की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि व्हॉल्व्हच्या शेजारी उष्णतेला तोटा नाही.

दुसरी शाखा कपलिंग कंडेन्सरची. जुन्या सेटांत इथे मेणात बुडवलेला कागद सापडतो. कागद दमट हवा शोषतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. आधीच्या टप्प्यावरचा डीसी आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत जाऊ नये, हे कपलिंग कंडेन्सरचं काम. समजा 10 मायक्रोअँपिअर गळती झाली आणि ग्रिडचा रेझिस्टर 470 किलोओहमचा आहे. ग्रिड 4.7 व्होल्टने वर सरकतो. गळती आणखी वाढली की प्लेट लाल होते आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर संकट येतं. तो ट्रान्सफॉर्मर आज मिळणं अवघड, कंडेन्सर काही रुपयांचा. जुन्या सेटमधला कागदी कंडेन्सर मी ‘अजून चालतोय’ म्हणून कधीच ठेवणार नाही.

कागदाची जागा पॉलिएस्टरने घेतली. 1941 मध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी इंग्लंडमध्ये शोधलेला हा पदार्थ, आपल्याकडे टेरिलीनच्या शर्टांतून घरोघरी पोचला तोच. पुढे पॉलिप्रॉपिलीन आलं; त्यात विजेचा अपव्यय आणखी कमी. कपलिंगला दोन्ही चालतात. 0.05 लिहिलेल्या जागी 0.047 आणि 0.02 च्या जागी 0.022 हे आजचे प्रमाणित आकडे निर्धास्त घ्या. चांदीच्या तारांच्या, हजारोंच्या किमतीच्या कंडेन्सरने गाणं ‘उघडतं’ म्हणतात. मला त्यात गळका कागद गेल्याचाच आनंद जास्त दिसतो.

अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे कंडेन्सर बहुधा ठणठणीत असतात. मोजून पाहा आणि राहू द्या. जुना डबा शोभेला चॅसीवर ठेवून नवे खाली बसवले तरी बिघडत नाही, फक्त डब्याचं कनेक्शन आधी तोडा. आणि कशालाही हात लावण्यापूर्वी प्लग काढा, मीटरने व्होल्टेज पाहा आणि रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामे करा. सेट बंद केल्यावरही त्यांत 400 व्होल्ट शिल्लक असू शकतात.