तिकीट शाळेच्या नावाचं
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. आमचे अण्णा प्राथमिक शिक्षक. एस.टी. स्टँडवरच्या टपरीतून ते अधूनमधून एक तिकीट घेत. नंबर लागला नाही की म्हणत, "जाऊ दे, पैसे सरकारलाच गेले. एखाद्या शाळेवर कौलं चढतील!"

पुढे इतिहास शिकवताना मला आढळलं, की अण्णांचा हा हिशेब अमेरिकेतल्या एका राज्याने चक्क कायद्यात घातला होता.

ते राज्य म्हणजे छोटंसं न्यू हॅम्पशायर. तिथं विक्रीकर नाही, पगारावर आयकर नाही. शाळा चालत त्या मुख्यतः गावोगावच्या घरपट्टीवर. लॉटरीला तेव्हा अमेरिकेत वाईट नाव होतं. लुइझियाना लॉटरीच्या भ्रष्टाचारानंतर १८९० च्या कायद्याने टपालाने तिकिटं पाठवण्यावर बंदी आली होती. तरीही लॅरी पिकेट नावाचे आमदार जवळजवळ दहा वर्षं आपलं विधेयक पुढे रेटत राहिले. अखेर १९६३ मध्ये गव्हर्नर जॉन किंग यांनी त्यावर सही केली आणि मार्च १९६४ मध्ये पहिलं तिकीटही स्वतःच घेतलं. किंमत तीन डॉलर, निकाल घोड्यांच्या शर्यतीवर आणि नफा शाळांना.

पैसा आला, शाळांना मिळालाही. तुम्ही म्हणाल, मग प्रश्न सुटला असेल. तसं झालं नाही. शाळांचा खर्च मोठा, लॉटरीचा वाटा लहान. भार घरपट्टीवरच राहिला. गरीब गावात दर चढा आणि वसुली तुटपुंजी. श्रीमंत गावात नेमकं उलट. शेवटी क्लेअरमाँट आणि इतर काही गरीब गावांच्या शाळा कोर्टात गेल्या. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. शिक्षण ही राज्याची जबाबदारी असताना एका गावाने दुसऱ्याच्या चौपट कर का भरावा, असा न्यायालयाचा रोख होता.

म्हणजे लॉटरी येऊन ३३ वर्षं झाली, तरी मूळ प्रश्न जागच्या जागी होता. लॉटरीचा पैसा वाईट होता, असं मी म्हणत नाही. पण त्या पैशाकडे बोट दाखवून कराचा अवघड प्रश्न पुढे ढकलता आला, असं मला वाटतं.

अण्णांना एकदाही बक्षीस लागलं नाही. त्यांच्या शाळेवर कौलं चढली ती जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकातून, आणि त्यासाठी अण्णांनी चार वर्षं अर्ज केले होते.