चांदबिबी : कादंबरीतली आणि इतिहासातली

श्रोतेहो, 'कादंबरी' हा शब्द आपण हरघडी वापरतो. पण तो मूळचा एका नायिकेचे नाव आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृतात एक मोठी प्रेमकथा लिहिली. तीत शाप आहेत, पुनर्जन्म आहेत आणि गोष्ट सांगणारा चक्क एक पोपट आहे. तिची नायिका कादंबरी. पुढे मराठीत या जातीचे ग्रंथ होऊ लागले, तेव्हा त्यांनाही तेच नाव पडले. म्हणजे आमच्या कादंबरीच्या बारशालाच जादू हजर होती म्हणा ना!

आणि झालेही तसेच. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. या वळणाच्या कादंबऱ्यांतून सुंदर राजकन्या, हरवलेले राजपुत्र, कपटी कारभारी, भुयारे आणि शेवटी उलगडणारे एखादे काळेकुट्ट रहस्य, असा सारा थाट असे. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या हातून अरबी भाषेतील सुरस गोष्टीही मराठीत येत होत्या. वाचकाला त्याची गोडी लागली.

तुम्ही म्हणाल, आपल्या आजूबाजूचा संसार सोडून ही माणसे जादूच्या मुलखात का गेली? रिसबुडांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की आपल्याकडच्या लग्नाच्या चालीरीतीच अशा आहेत, की रोजच्या आयुष्यात मन रमवील असे काही घडत नाही. मग लेखकाने अद्भुताकडे वळू नये तर काय करावे? विचार करण्यासारखी गोष्ट आहे ही. आठ-दहा वर्षांची मुलगी आईबापांनी उजवून टाकली, तर तिच्या प्रेमाची गोष्ट लिहायची कशी? तेव्हा प्रेम करायला राजकन्या हवी आणि राजकन्येला राहायला कल्पनेतले नगर हवे.

पुढे रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली आली आणि कादंबरीने इतिहासाचा पोशाख चढवला. हरि नारायण आपट्यांनी तो अधिक भरजरी केला. जादू मागे पडली. पण प्रेम, कारस्थान आणि गुपित मात्र राहिले. आपट्यांच्या 'वज्राघात' कादंबरीत १५६५ सालच्या त्या मोठ्या लढाईत विजयनगरचे साम्राज्य कोसळते. त्या लढाईत दख्खनच्या सुलतानांच्या बाजूने जे राजे उभे होते, त्यांत एक होता अहमदनगरचा हुसेन निजामशाह. त्याचीच मुलगी चांदबिबी. तिच्यावरही कादंबरी लिहिली गेली आहे. निजामाच्या नोकरीत उभा जन्म काढलेल्या मेडोज टेलर या इंग्रज गृहस्थाची 'अ नोबल क्वीन' ही ती कादंबरी, १८७८ साली त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.

आता आपल्या जिल्ह्यात या. सरकारदरबारी जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले. पण पाथर्डीच्या वाटेवर डोंगरमाथ्यावर जी अष्टकोनी, तीन मजली इमारत दिसते, तिला लोक अजून 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. शाळांच्या सहली जातात. चांदबिबी येथे राहत होती, येथून भुयार जाते, असे मुलांना सांगण्यात येते. वास्तविक तो महालच नव्हे. मूर्तजा निजामशाहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे.

चांदबिबीच्या गोष्टी तर विचारूच नका. तोफांचे गोळे संपले तेव्हा तिने तांब्याचे, मग चांदीचे, मग सोन्याचे गोळे डागले आणि शेवटी अंगावरचे जवाहीरही तोफेत घातले, असे सांगतात. शेवटी तिने तेजाबाच्या विहिरीत उडी टाकली, असेही कोणी सांगतात. ऐकायला गोड आहे सारे. पण खरे काय घडले ते ऐका, आणि मग तुम्हीच ठरवा, कोणती गोष्ट अधिक थरारक आहे ती.

साल १५९५. निजामशाही गादीवरचा इब्राहीम विजापूरकरांशी झालेल्या लढाईत पडला. त्याचा मुलगा बहादूर अगदी लहान. दरबारात तट पडले. मियाँ मंजू नावाच्या सरदाराने अहमद नावाच्या मुलाला राजघराण्यातला म्हणून गादीवर बसवले आणि खऱ्या वारसाला चावंडच्या किल्ल्यावर कैदेत ठेवले. पुढे अहमदच्या वंशाविषयीच शंका उठली! तोतया राजपुत्र आणि कैदेतला बाळराजा. कादंबरीकाराला याहून काय हवे? वेढ्यात सापडलेल्या मंजूने अकबराचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावले. त्याला पश्चात्ताप झाला, तोवर मोगल नगरच्या वेशीशी येऊन ठेपले होते.

त्या वेळी किल्ला सांभाळला चांदबिबीने. ती विजापूरच्या अली आदिलशाहाची विधवा. १५८० साली नवरा मारला गेल्यावर तिने अल्पवयीन इब्राहीम आदिलशाहाच्या नावाने तेथला कारभार पाहिला होता. दरबारातली भांडणे तिला नवी नव्हती. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. त्यांची बातमी आत पोचली आणि काही सुरुंग निकामी करण्यात आले. पण फेब्रुवारी १५९६ मध्ये एक उडालाच. तटाला खिंडार पडले. कित्येक सरदारांनी पळ काढायची तयारी केली. तेव्हा ही बाई अंगात चिलखत, तोंडावर बुरखा आणि हातात नंगी तलवार अशी खिंडारात येऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत हल्ले परतवले आणि रातोरात खिंडार पुन्हा चिणून घेतले. शेवटी तह झाला. वऱ्हाड गेले, पण बहादूरला निजामशाह म्हणून मान्यता मिळाली. नगरमध्ये वाढलेल्या फिरिश्ता या इतिहासकाराने हा सारा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. येथे सोन्याचा गोळा लागला नाही. चुना-माती, दगड आणि माणसांचे हात लागले.

आणि आता शेवट. १६०० साली मोगल पुन्हा आले, या वेळी शहजादा दानियाल आणि खानखानान यांच्याबरोबर. चांदबिबीने ओळखले, की आता किल्ला टिकणार नाही. सन्मानाने तो द्यावा आणि पोराला घेऊन जुन्नरला निघून जावे, असा तिचा विचार होता. तो विचार तिने किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्यापाशी बोलून दाखवला. त्याने बाहेर येऊन हाकाटी केली, की राणी मोगलांना मिळाली! खरे-खोटे कोण करतो? जमाव महालात घुसला आणि जिने याच किल्ल्यासाठी तलवार उपसली होती, तिला त्यांनीच ठार केले. लवकरच, ऑगस्ट १६०० मध्ये, किल्ला पडला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात, कैदेत झाली.

मंडळी, चांदबिबीचा बळी एका बनावट गोष्टीने घेतला. म्हणून तिच्याविषयी आणखी बनावट गोष्टी सांगताना आपण थोडे थबकले पाहिजे. तेजाबाच्या विहिरीच्या कथेत तिला मारणारा कोणीच उरत नाही. अफवा उठवणारा सुटतो आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा जमावही सुटतो. नेमका जो धडा आपल्या गावाला, आपल्या चावडीला आजही लागू आहे, तोच त्या विहिरीत बुडून जातो.

याचा अर्थ कादंबऱ्या वाचू नका, असा मुळीच नाही. अद्भुताची आवड माणसाला जन्मजात आहे, आणि पुष्कळांना इतिहासाची गोडी प्रथम कादंबरीनेच लावली. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना मात्र एक सुचवावेसे वाटते. सहल त्या डोंगरावर गेली, की मुलांना वहीच्या पानावर दोन रकाने आखायला सांगा. एकात 'घडले', दुसऱ्यात 'सांगतात'. सोन्याचे गोळे दुसऱ्यात जातील, रातोरात चिणलेला तट पहिल्यात. मुले दोन्ही आवडीने लिहितील. आणि एखादी बातमी कानावर आली, की ती कोणत्या रकान्यातली, हे विचारायची सवय त्यांना लागली, तर चांदबिबीचे ऋण थोडेतरी फिटेल.