माळावरच्या आडव्या शिळा आणि आपली साक्ष

१९७२ च्या दुष्काळात माझ्या आईने रस्त्याच्या कामावर खडी फोडली. परभणी जिल्ह्याच्या उत्तरेला, जिंतूर तालुक्यातल्या एका माळावर ते काम चालले होते. जवळपास मिळेल तो दगड फोडायचा, ब्रास भरायचा, मोजणी झाली की मजुरी घ्यायची आणि सुकडी खाऊन पोराबाळांना जगवायचे. आई पुढे अनेकदा सांगे, "तिथं माणसाहून उंच धोंडे व्हते. दोन आम्हीच फोडले. बाकीचे आडवे पडलेले, ते तसेच राहिले." दुष्काळाची एक आठवण म्हणून मी हे ऐकत आलो. ती इतिहासाची साक्ष असू शकते, हे आई गेल्यानंतर मला उमगले.

प्राचीन माणसाने शिळा उभ्या केल्या, हे आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण उदाहरण देताना आपण इंग्लंडातल्या स्टोनहेंजचे देतो. इतके दूर जाण्याचे कारण नाही. नागपूरजवळ जुनापाणी येथे शेकडो शिळावर्तुळे आहेत. टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड येथे डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत उत्खनने केली. तेथे लोखंडाची हत्यारे, काळी-तांबडी भांडी आणि घोड्यांचे अवशेष मिळाले. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली ही माणसे. दुसरीकडे, परभणी १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होती, त्याच राज्याच्या दक्षिण भागात मुडुमल आणि हनमसागर येथे शिळांच्या रांगा आहेत. आल्चिन या संशोधकाने त्या भागातील रांगांवर १९५६ साली लेख लिहिला. मुडुमल आज तेलंगणात आहे आणि २०२५ साली त्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. उत्तरेला विदर्भ, दक्षिणेला कृष्णेचे खोरे आणि मध्ये आपला मराठवाडा. तेव्हा आपल्या माळावरचा लांबट धोंडा पाहून प्रश्न विचारणे हा वेडेपणा नव्हे.

परंतु प्रश्न विचारणे वेगळे आणि उत्तर ठोकून देणे वेगळे. आईने सांगितलेल्या माळावर मी गेलो तेव्हा सहा लांब शिळा आडव्या पडलेल्या दिसल्या. पहिल्या दिवशी मला सहाही प्राचीन वाटल्या. चौथ्या फेरीला तीन उरल्या. हे गळणे कसे झाले ते सांगतो, कारण शोधाचा खरा भाग तोच आहे.

आपला दगड काळा पाषाण, म्हणजे लाव्हारसाचा. हा रस थंड होताना काही ठिकाणी त्याला उभ्या भेगा पडतात आणि खांबासारखे तुकडे आपोआप सुटे होतात. माणसाचा हात न लागताच असा दगड घडवल्यासारखा दिसतो. दोन शिळांच्या वरच्या अंगाला, वीस पावलांवर, तसाच भेगाळलेला कडा होता. त्या तिथूनच घरंगळल्या असणार. त्या बाद केल्या. तिसऱ्या शिळेच्या कडेला पाचरी ठोकण्यासाठी पाडलेल्या भोकांची सरळ रांग होती. ते अलीकडच्या दगडफोड्याचे काम, अर्धवट सोडलेले. तीही बाद.

उरलेल्या तिघींचे निराळे होते. आसपास तसा कडा नाही. म्हणजे दगड दुसरीकडून आणलेला असावा. तिघींचे एक टोक रुंद, दुसरे निमुळते. रुंद टोकाकडचा हात-दीड हात भाग कमी झिजलेला, त्यावर दगडफूल नाही; उरलेल्या अंगावर मात्र ते दाट आहे. जो भाग कधीकाळी मातीत गाडलेला होता तो असा दिसू शकतो. तिघी एकाच दिशेला, उताराकडे पडलेल्या. एकीच्या पायथ्याशी उथळ खळगा आणि त्यात खोचल्यासारखे लहान धोंडे. उभा दगड हलू नये म्हणून खड्ड्यात असेच धोंडे ठासतात. मी तिथे पहार लावली नाही. परवानगीवाचून खोदणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय ज्या मातीत पुरावा आहे ती मातीच आपण उसकटून टाकतो.

तरीही एक शंका उरत होती. हे शिवेचे दगड तर नसतील? दोन गावांच्या हद्दीवर मोठे दगड रोवण्याची रीत जुनी आहे. नकाशा काढून पाहिला. पण नकाशा अलीकडचा, शीव त्याहून जुनी. याचे उत्तर मला आमच्या भावकीतल्या नव्वदीच्या एका आजोबांनी दिले. तरुणपणी त्यांनी येसकरकी केली होती. त्यांना मोटारसायकलवर बसवून माळावर नेले. शिळांकडे पाहून ते म्हणाले, "ह्यो शिवंचा न्हाई, बाळा. शिवंचे दगड मला तोंडपाठ हायेत. माझ्या बापानं मला शीव चालवून दावली व्हती. ह्ये धोंडे त्याच्याही आधीचे, असेच पडलेले." आणि खरोखरच त्यांनी ओढ्यापासून टेकडीपर्यंत शिवेच्या खुणा एकेक करून दाखवल्या. त्यांतल्या दोन जमिनीत गडप झाल्या होत्या. काठीने माती सारल्यावर त्या निघाल्या.

येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष घेतली जाई. गावाची हद्द ज्याच्या डोक्यात साठवलेली, त्याचे स्वतःचे घर मात्र गावकुसाबाहेर. जमीन दुसऱ्यांची, राखण याची. ती गुलामी होती आणि ती गेली हे उत्तमच झाले. महारकी सोडण्यासाठी बाबासाहेबांनी दिलेली हाक योग्यच होती. पण गुलामीत असतानाही आपल्या माणसांनी भूमीचे एक ज्ञान कमावले होते. ते कोणत्याही ग्रंथात नाही. पुरातत्त्वाचा अभ्यासक माळावर येतो तेव्हा तो पाटलाच्या ओसरीवर बसतो आणि तिथे त्याला "पांडवांनी टाकलेले धोंडे" अशी कथा ऐकायला मिळते. ज्याला खरी माहिती आहे त्याला कोणी विचारतच नाही. आजोबांची साक्ष नसती, तर माझी शंका फिटली नसती.

आता दुसरी बाजू. या शिळा आमच्याच पूर्वजांनी उभ्या केल्या, असे म्हणण्याचा मोह कार्यकर्त्यांना होईल. तो टाळला पाहिजे. १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेताना बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की साखळीतला दुवा हरवला असेल तर अभ्यासकाने तर्काने पूल बांधावा, पण त्याला तर्कच म्हणावे. त्याच ग्रंथात मानवमितीच्या आकड्यांच्या आधारे त्यांनी, अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, हा सिद्धान्त खोडून काढला. दगडावर जात लिहिलेली नसते. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना आजच्या जातीची नावे देणे म्हणजे ज्यांनी आपल्याला पुराणे ऐकवली त्यांच्याच वाटेने जाणे होय. भामरागडच्या बाजूचे माडिया मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभी करीत आले आहेत. त्यावरून उभ्या शिळेचा अर्थ थोडाफार कळतो, पण वंशावळ सिद्ध होत नाही.

म्हणून मी या तीन शिळांना "प्राचीन उभ्या शिळा असण्याची शक्यता" एवढेच म्हणतो.

आणखी एक काळजी आहे. असे माळ बहुधा गायरान असतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले ते अशाच जमिनींसाठी. आजही अनेक कुटुंबे गायरान कसून पोट भरतात. उद्या शिळांचे जतन करण्याच्या नावाखाली त्यांना हुसकावून लावले जाऊ नये. तीन शिळांना तीन गुंठे पुरतात. शिळांना खरा धोका गायरान कसणाऱ्याच्या औतापासून नाही. खडीच्या यंत्रापासून आहे. माझ्या आईने भुकेपोटी दोन धोंडे फोडले; यंत्र नफ्यापोटी एका दिवसात सगळा माळ फोडून टाकते.

शिक्षकांनी मुलांना घेऊन माळावर जावे. शिळेची लांबी, रुंदी, दिशा मोजावी. शेजारी काठी ठेवून फोटो घ्यावा. गट क्रमांक लिहावा. शिळा हलवू नये, तिला शेंदूर फासू नये, खोदू नये. नोंद पुरातत्त्व खात्याकडे पाठवावी. पण या सगळ्याच्या आधी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. आजोबा गेल्या उन्हाळ्यात वारले. शिवेच्या सगळ्या खुणा मी लिहून घेतल्या होत्या. आईने फोडलेले ते दोन धोंडे नेमके कुठे होते, हे मात्र मी तिला कधी विचारले नाही.